सांधलेलें हाड, परतलेलें बळ

ठाण्याची खाडी ओलांडून आगगाडी कल्याणच्या दिशेनें निघाली, कीं पहिलें स्थानक लागतें तें कळव्याचें. मुंबईहून ठाण्यापर्यंत पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ रोजीं धांवली आणि पुढच्याच वर्षीं, १८५४ च्या मे महिन्यांत, खाडीवरील पुलावरून लोहमार्ग कल्याणास पोहोंचला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत ठाणें-बेलापूर रस्त्याच्या बाजूनें कारखाने उभे राहिले. कळव्याच्या परिसरांत पोलाद तयार होऊं लागलें, विजेचीं यंत्रें बनूं लागलीं, आणि खाडीकांठचें हें गांव पाहतां पाहतां कामकऱ्यांचें उपनगर झालें. ज्या वस्तीला आगगाडी आणि कारखाना या दोहोंचा शेजार लाभतो, तिला पोटापाण्याचा उद्योग मिळतो. पण त्याच्या जोडीला मोडलेल्या हातापायांचें दुःखहि तिच्या वांट्यास येतें.

९ जून २०२५ च्या सकाळीं मुंब्र्याजवळच्या वळणावर, विरुद्ध दिशांनीं जाणाऱ्या दोन लोकल गाड्यांच्या दारांत लोंबकळत असलेले उतारू एकमेकांवर आदळून रुळांवर पडले. कांहींचे प्राण गेले. जखमींना ज्या रुग्णालयांत हलविण्यांत आलें, त्यांत कळव्याचें छत्रपति शिवाजी महाराज रुग्णालय होतें. हें रुग्णालय ठाणें महानगरपालिकेचें असून १९९२ सालीं स्थापन झालेलें राजीव गांधी वैद्यकीय महाविद्यालय त्यास जोडलेलें आहे. अशा अपघाताची वार्ता दुसऱ्या दिवशीं सर्वत्र छापून येते. किती दगावले व किती जखमी झाले, याचे आंकडे लोक वाचतात, हळहळतात आणि कामाला लागतात. परंतु ‘जखमी’ या एका शब्दांत ज्यांची गणना झाली, त्यांची खरी कहाणी त्यानंतर सुरू होते. शस्त्रक्रिया होते, प्लास्टर बसतें, सहा-आठ आठवड्यांनीं तें निघतें. चित्रांत हाड जुळलेलें दिसतें. घरच्यांना वाटतें, माणूस बरा झाला. मग तो उभा राहूं पाहतो, आणि ज्या पायानें पूर्वीं जिना सहज चढला जात असे, तो पाय परक्याचा असल्यासारखा लटपटतो.

याचें कारण समजण्यास फारशी विद्वत्ता लागत नाहीं. हाड सांधण्यास विश्रांति हवी, पण स्नायूंना विश्रांति मानवत नाहीं. वापर थांबला, कीं ते थोड्याच दिवसांत झडूं लागतात. मांडीचा पुढचा मोठा स्नायू तर इतक्या लवकर वाळतो, कीं प्लास्टर काढल्यावर दोन मांड्यांतील फरक नुसत्या डोळ्यांना दिसतो. सांध्यांतील कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. सांधा हलतो तेव्हां त्यांतील स्निग्ध रस कूर्चेंत झिरपतो व तिचें पोषण होतें. सांधा फार दिवस जखडून ठेवला, तर हें पोषण खुंटतें आणि भोंवतालचे बंध आखडतात. म्हणजे जी स्थिरता हाडाला तारते, तीच बाकीच्या अंगाला मारते. या दोन परस्परविरोधी गरजांचा मेळ कसा घालावा, हा प्रश्न वैद्यकाइतकाच जुना आहे, आणि महाराष्ट्रांत त्याचें उत्तर तीन-चार निराळ्या वाटांनीं शोधलें गेलें.

सर्वांत जुनी वाट सुश्रुतसंहितेची. तिच्या चिकित्सास्थानांतील तिसरा अध्याय मोडलेल्या हाडांच्या उपचाराचा आहे. पिंपळ, उंबर, पळस इत्यादि वृक्षांच्या सालींच्या व बांबूच्या फळ्या बांधाव्या. बंध सैल राहिल्यास सांधा स्थिर राहत नाहीं आणि फार घट्ट झाल्यास सूज, वेदना व पू होतो. थंडींत सात दिवसांनीं, समशीतोष्ण काळीं पांच दिवसांनीं आणि उन्हाळ्यांत तीन दिवसांनीं तो बदलावा, इतकें बारीक विवेचन तेथें आहे. परंतु त्याहून विचार करण्याजोगी गोष्ट पुढें येते. तळहाताचें हाड मोडून जुळल्यावर रोग्यानें प्रथम मातीचा गोळा हातांत धरावा, मग मिठाचा खडा धरावा, आणि हातांत बळ आल्यानंतर दगड धरावा, असें सुश्रुत सांगतो. हाड जुळलें म्हणजे वैद्याचें काम संपलें, असें त्यानें मानलें नाहीं. माती, मीठ आणि दगड या तीन पायऱ्यांत त्यानें एक सिद्धांत गोंवून ठेविला : परतणाऱ्या बळाला त्याच्या मापाचें ओझें द्यावें, आणि बळ वाढेल तसें ओझें वाढवावें. याच ग्रंथांत निरोग्यालाहि सांगितलें आहे, कीं व्यायाम अर्ध्या शक्तीनेंच करावा. मग आजाऱ्यानें एकदम दगड उचलूं नये, हें ओघानेंच आलें.

ग्रंथांतील ही विद्या लोकांपर्यंत किती पोहोंचली, हा प्रश्न वेगळा. खेड्यापाड्यांत व पेठांत जी विद्या खरोखर नांदत होती, ती तालमींत. तालमीच्या हौद्यांत खांदा निखळणें, मनगट मुरगळणें, कंबरेंत चमक भरणें हें नित्याचेंच. त्यामुळें वस्तादाला कुस्तीबरोबर अंग रगडणें, शीर सोडविणें आणि निखळलेला सांधा बसविणें हेंहि शिकावें लागे. बडोद्याच्या जुम्मादादा व्यायाममंदिराचे राजरत्न माणिकराव (१८७८–१९५४) हे या परंपरेंतील थोर पुरुष होत. व्यायामाचार्य म्हणून त्यांची जेवढी ख्याति, तेवढीच हाडवैद्य म्हणून. मोडलेलें अंग दुरुस्त करणारा आणि अंग कमावून देणारा हे दोघे त्यांच्या ठायीं एक होते. म्हणून उपचार कोठें संपला व व्यायाम कोठें सुरू झाला, ही सीमारेषा त्यांच्या दारीं येणाऱ्यास जाणवण्याचें कारण नव्हतें.

तथापि या परंपरेची दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. प्रत्येक गांवचा हाडवैद्य माणिकराव नव्हता. क्ष-किरणांच्या चित्रावांचून हाड कसें मोडलें आहे, हें केवळ हाताच्या स्पर्शानें ओळखावें लागे, आणि हात चुकत असे. बांबूच्या कांबी फार आवळल्या गेल्यामुळें रक्तप्रवाह तुटून अंग काळें पडणें व शेवटीं तें कापावें लागणें, अशीं उदाहरणें शल्यवैद्यांनीं पुष्कळ पाहिलीं आहेत. सुश्रुतानें घट्ट बंधाविषयीं दिलेला इशारा त्याचेंच नांव घेणाऱ्या कित्येकांस ठाऊक नव्हता. विद्या मुखोद्गत राहिली म्हणजे तिच्यांतील कसब टिकतें, पण सावधगिरी गळून पडते.

माणिकरावांच्याच एका शिष्यानें ही उणीव भरून काढण्याचा मार्ग धरला. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद, यांनीं १९२४ सालीं लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापिलें आणि त्याच वर्षीं ‘योगमीमांसा’ हें नियतकालिक सुरू केलें. आसनें व श्वसनक्रिया करतांना शरीरांत काय घडतें, हें क्ष-किरणांनीं व मापनयंत्रांनीं तपासून लिहून ठेवावयाचें, हा त्यांचा संकल्प. गुरूनें सांगितलें म्हणून करावें, या भूमिकेवरून मोजून पाहावें व मग सांगावें, या भूमिकेवर देशी व्यायामविद्या येथें आली. पुढें रोगनिवारणासाठीं व्यायाम योजणाऱ्यांना या पायाचा मोठा आधार झाला.

युरोपांत हीच वाट निराळ्या क्रमानें चालली गेली. स्वीडनच्या पेर हेन्रिक लिंग यानें १८१३ सालीं स्टॉकहोम येथें व्यायामाची मध्यवर्ती संस्था काढली. सैनिकी व शालेय कवाइतीबरोबर रोगनिवारक व्यायाम हा तिच्या शिक्षणाचा एक भाग होता. १८९४ सालीं लंडनमध्यें चार परिचारिकांनीं शिक्षित मर्दनकारांचा संघ स्थापन केला. मालीश या नांवाखालीं चालणाऱ्या गैरप्रकारांपासून आपल्या धंद्याची अब्रू राखावी, हा त्यांचा हेतु होता. याच संघांतून पुढें इंग्लंडांतील भौतिकोपचाराचा, म्हणजे फिजिओथेरपीचा, अधिकृत व्यवसाय उभा राहिला. पण या विद्येला सरकारी आश्रय दिला तो महायुद्धांनीं. लक्षावधि तरुण लुळेपांगळे होऊन परतले, तेव्हां त्यांना नुसतें पेन्शन देऊन भागणार नाहीं, हें राज्यकर्त्यांच्या ध्यानांत आलें.

त्या लाटेचे तरंग महाराष्ट्रापर्यंत आले. पहिल्या महायुद्धांत अपंग झालेल्या हिंदी सैनिकांस हातचें काम शिकविण्यासाठीं १९१७ सालीं मुंबई इलाख्यांत क्वीन मेरी यांच्या नांवाची संस्था निघाली व ती पुढें खडकीस गेली. दुसऱ्या महायुद्धांत, १९४४ सालीं, पुण्यास कृत्रिम अवयव केंद्र स्थापन झालें. त्याच सुमारास अमेरिकेंत टॉमस डीलॉर्म हा तरुण लष्करी डॉक्टर शिकागोच्या रुग्णालयांत गुडघे निकामी झालेल्या सैनिकांच्या पायांत लोखंडी जोडे घालून, त्यांस वजनें अडकवून, तीं क्रमाक्रमानें वाढवीत होता. १९४५ सालीं त्यानें आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले, तेव्हां दुबळ्या स्नायूला जड ओझें देऊं नये, ही तोंवरची समजूत ढासळली. मातीचा गोळा, मिठाचा खडा आणि दगड यांच्याशीं या लोखंडी जोड्यांचें नातें कोणाच्याहि सहज ध्यानांत यावें. फरक एवढाच, कीं डीलॉर्मनें प्रत्येक वजन तोललें, प्रत्येक आवृत्ति मोजली आणि तें टिपून ठेविलें. त्यामुळें त्याची रीत दुसऱ्या कोणासहि जशीच्या तशी करून पाहतां आली.

सैनिकाची ही व्यवस्था होत असतां गिरणीच्या व कारखान्याच्या कामगारासाठीं काय होतें? त्याच्यासाठीं १९२३ चा कामगार नुकसानभरपाईचा कायदा होता. गरीब माणसाच्या दृष्टीनें तो मोठाच आधार, यांत शंका नाहीं. त्याच्या परिशिष्टांत कोणतें अंग गेलें म्हणजे कमाईची शक्ति किती घटली, याचें कोष्टक होतें. उजवा हात कोपरापासून गेला तर शेंकडा ७०, अंगठा गेला तर शेंकडा २५, तर्जनी गेली तर शेंकडा १०. गेलेल्या अंगाची किंमत अशी ठरली. परंतु राहिलेल्या पण आखडलेल्या अंगांत पुन्हां बळ आणावें कसें, याला त्या कोष्टकांत रकाना नव्हता. १९४८ च्या कामगार राज्य विमा कायद्यानें औषधोपचार व आजारपणांतील वेतन यांची तरतूद केली, आणि १९५२ च्या फेब्रुवारींत कानपूर व दिल्ली येथें त्या योजनेचा आरंभ झाला. तरीहि उपचार म्हणजे औषध व शस्त्रक्रिया, ही लोकांची कल्पना पालटावयास आणखी कांहीं घडावें लागलें.

तें घडविलें एका आईनें. मुंबईच्या फातिमा इस्माईल यांच्या लहान मुलीस पोलिओ झाला. पाय लुळे पडले. हें मूल आतां असेंच राहणार, हें ऐकून स्वस्थ बसणें त्यांना शक्य नव्हतें. मद्रासचे अस्थिशल्यवैद्य डॉ. एम. जी. किणी यांच्याकडे त्या मुलीला घेऊन गेल्या. महिनोन्‌महिने चाललेल्या उपचारांनीं व व्यायामांनीं मुलीच्या पायांत शक्ति येऊं लागली. आपल्या मुलीला जें मिळालें, तें मुंबईच्या चाळींतील मुलांना कोठून मिळणार, हा विचार मग त्यांना सोडीना. १९४७ सालीं त्यांच्या पुढाकारानें अपंग मुलांच्या पुनर्वसनासाठीं मुंबईंत संस्था उभी राहिली व उपचारकेंद्र सुरू झालें. हाजी अलीजवळचें मुलांचें अस्थिरोग रुग्णालय हें त्याच रोपट्याचें झाड. १९५८ सालीं भारत सरकारनें फातिमाबाईंना पद्मश्री देऊन गौरविलें.

पोलिओच्या सांथींनीं एक गोष्ट निर्विवाद करून दाखविली. शल्यवैद्य थोडे असले तरी चालेल, परंतु रोज तास-अर्धा तास रोग्याचा हात धरून व्यायाम करून घेणारीं शिकलेलीं माणसें शेंकड्यांनीं हवींत. म्हणून १९५० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत परळच्या के. ई. एम. रुग्णालयांत मुंबई महानगरपालिका, भारत सरकार आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या सहकार्यानें देशांतील पहिलें भौतिकोपचार-विद्यालय सुरू झालें. १९५५ सालीं भौतिकोपचारकांची अखिल भारतीय संघटना स्थापन झाली आणि त्याच वर्षीं हाजी अलीजवळ पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था निघाली. ज्या रोगानें या विद्येला मुंबईंत जन्म दिला, त्याचा देशांतील अखेरचा रोगी २०११ च्या जानेवारींत नोंदला गेला. रोग गेला, विद्या राहिली. ती आतां रुळांवर, रस्त्यांवर व यंत्रांत सांपडलेल्यांच्या उपयोगीं पडते. भौतिकोपचारकांसह अनेक आरोग्यव्यवसायांस देशव्यापी कायद्याची चौकट मात्र २०२१ सालीं मिळाली.

ही विद्या माणसाला कोठवर नेऊं शकते, याचें उदाहरण सांगली जिल्ह्यांतील पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर यांचें. लष्करांतील हा तरुण मुष्टियोद्धा १९६५ च्या युद्धांत गोळ्या लागून जबर जखमी झाला व कंबरेखालीं पंगु झाला. पूर्वींच्या काळीं पाठीच्या कण्याच्या अशा जखमेनंतर रोगी फार दिवस जगत नसे. अंथरुणांत पडून व्रण होत, मूत्रमार्गांत विष भिने आणि वर्षा-दोन वर्षांत शेवट होई. १९४४ सालीं इंग्लंडमध्यें स्टोक मॅंडेव्हिल येथें डॉ. लुडविग गुटमन यांनीं अशा सैनिकांना ठराविक वेळानें कुशीवर वळविण्याची, खांदे व हात बळकट करण्याची, आणि पुढें खेळांत उतरविण्याची रीत पाडली, तेव्हां हें चित्र बदलूं लागलें. पेटकरांनाहि उपचाराचा भाग म्हणून पोहावयास सांगण्यांत आलें. पाण्यांत शरीराचें ओझें हलकें होतें आणि जें अंग जमिनीवर हलत नाहीं, त्याच्या वांट्याचें काम खांदे व छाती उचलतात. १९७२ सालीं जर्मनींतील हायडेलबर्ग येथील पॅरालिंपिक स्पर्धांत ५० मीटर मुक्त शैलींत त्यांनीं ३७.३३ सेकंदांत सुवर्णपदक पटकाविलें. वैयक्तिक सुवर्णपदक मिळविणारे ते भारताचे पहिले पॅरालिंपिकपटु. २०१८ सालीं त्यांना पद्मश्री मिळाली.

पेटकरांच्या उदाहरणांतील तत्त्व पदकाहून मोलाचें आहे. उपचार दुखऱ्या अंगाचा न करतां सबंध माणसाचा करावयाचा असतो. एक पाय मोडला, कीं लंगडतांना कंबर एका बाजूस झुकते, मग पाठ दुखूं लागते आणि चांगल्या पायाचा गुडघा दुप्पट भार वाहून झिजतो. कुबड्या घ्यावयाच्या तर आधीं खांदे व मनगटें तयार हवींत. पाय कापावा लागला तर रोग्यानें दिवसभर खुर्चींत बसून राहूं नये, कांहीं वेळ पालथें निजावें. एरवीं कंबरेचा सांधा पुढें वांकून आखडतो आणि कृत्रिम पाय नीट बसत नाहीं. दीर्घकाळ अंथरुणास खिळलेल्यानें खोल श्वास घेण्याचा सराव ठेवावा, म्हणजे छातींत कफ साठत नाहीं. हे सर्व नियम साधे आहेत. त्यांना औषध लागत नाहीं, यंत्रहि फारसें लागत नाहीं. त्यांना लागतो तो नेम, आणि कोणीतरी शेजारीं उभें राहून सांगणारा.

पण कळव्याच्या चाळींत राहणाऱ्या रोजंदारीच्या माणसाला नेमकी हीच गोष्ट सर्वांत महाग पडते. शस्त्रक्रियेसाठीं उसनवारी करणारे लोक व्यायामासाठीं आठवड्यांतून तीन फेऱ्या घालण्यास तयार नसतात. प्रत्येक फेरीला रिक्षाचें भाडें पडतें, बरोबर येणाऱ्याची मजुरी बुडते, आणि पहिल्या दिवसांत गुण तर दिसत नाहीं, उलट दुखतें मात्र अधिक. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यांत तो जाणें सोडतो. कोणी कांखेस तेल लावून रगडून देतो, कोणी पाय हलवूं नको म्हणून बजावतो. वर्षभरानें तो चालतो खरा, पण गुडघा पुरता वांकत नाहीं. गुडघा वांकत नाहीं म्हणून ओझें उचलतां येत नाहीं, आणि ओझें उचलतां येत नाहीं म्हणून जुनें काम परत मिळत नाहीं. हाड जुळलें, पण चूल पूर्वींसारखी पेटली नाहीं. हें नुकसान कोणत्याहि अपघाताच्या आंकड्यांत मोजलें जात नाहीं.

महाराष्ट्राला या विद्येचे सर्व धागे एकामागून एक लाभले. ग्रंथानें क्रम दिला, तालमीनें हात दिला, लोणावळ्यानें मोजणी शिकविली, परळनें शिक्षक घडविले. उणीव राहिली ती रुग्णालयाचें दार आणि घराचा उंबरठा यांमधल्या अंतरांत. शल्यवैद्याची कामगिरी एका दिवसांत पुरी होते. त्यानंतरचीं शंभर दिवसांचीं कष्टाचीं पावलें रोग्याला स्वतःच टाकावीं लागतात, आणि तेथें त्याला सोबत हवी असते. सुश्रुताच्या रोग्याच्या हातांत मातीचा गोळा ठेवणारा जो कोणी असेल, तो दुसऱ्या दिवशींहि आला असला पाहिजे, कारण त्यावांचून मिठाच्या खड्याची पाळी आली नसती. गाडींतून पडलेल्या वा यंत्रांत हात गेलेल्या माणसाचा शेवट शस्त्रक्रियेच्या मेजावर ठरत नाहीं. पुष्कळ वेळां तो चौथ्या आठवड्यांत, घरच्या खाटेवर, आज व्यायाम करावा कीं उद्यां, या लहानशा प्रश्नावर ठरतो.